छान चालणाऱ्या वन्संना

वन्सं, काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी मी तुमचा शब्द मोडला. दवाखान्यात धाप लागलेली असतानाही तुम्ही म्हणाला होतात, "जाऊ दे गं सुनंदा, त्या डॉक्टरला सोड आता." मी मान हलवली होती. मरणाच्या दारातल्या माणसासमोर मान हलवावीच लागते, त्याला काही कबूलनामा म्हणत नाहीत. मी त्याला सोडलेलं नाही. आत्ताच त्याच्याकडून आले आहे, आणि काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घशाखाली घास उतरणार नाही. तुमचे भाऊ आतल्या खोलीत दुपारची झोप घेतायत, म्हणजे डोळे मिटून पडलेत. त्यांना अजून काही बोलले नाही. आधी तुमचा मान.

नणंदेला वन्सं म्हणणारी इंदूरजवळच्या या राऊच्या अख्ख्या वसाहतीत मी एकटीच असेन. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा आईनं तसं पढवून पाठवलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी खो खो हसलात. "वन्सं काय गं? मी काय नाटकातली आहे? ताई म्हण, नाही तर शालूजी म्हण." मी हट्टानं वन्संच म्हणत राहिले. तुम्ही पोह्यात बडीशेप घालायचात, मी ती वेचून ताटाच्या कडेला रचून ठेवायचे, तुम्हाला दिसेल अशी. तुम्ही 'मी आली, मी गेली' म्हणायचात, मी 'आले, गेले' करून द्यायचे. तुम्ही म्हणायचात, "पोचली ना मी? मग झालं तर." आपलं सगळं आयुष्य असल्या भांडणांत गेलं आणि त्यातलं एकही निकालात निघालं नाही. बडीशेपेचं तर मुळीच नाही. तुम्ही गेलात म्हणून जिंकलात असं समजू नका, मी अजूनही घालत नाही.

पण तेव्हाचं एक कधी बोलले नाही. मला हिंदीचा गंध नव्हता. बाजारात जायचं म्हटलं की मला घासायची भांडी आठवायची. तुम्ही माझा दंड धरून न्यायचात. लोकांना वाटायचं, काय गुणाची भावजय आहे, लंगड्या नणंदेला धरून नेते. खरं तर मीच तुम्हाला धरलेलं असायचं. भाजीवाला काही म्हणाला की मी तुमच्या तोंडाकडे बघायचे आणि तुम्ही माझ्या वतीनं त्याला असं झापायचात की तो वर कोथिंबीर टाकायचा. घरी आल्यावर तुमच्या आईंना सांगायचात, "सुनंदानं काय भाव केला आज!" मला तेव्हा तुमचे पाय धरावेसे वाटले होते. धरले नाहीत. तुम्हाला पायाला हात लावलेला आवडायचा नाही.

तुमचा डावा पाय. कळायच्या वयाआधीच पोलिओनं वाळवलेला. गुडघा शरीराचा भार घ्यायचा नाही, म्हणून प्रत्येक पावलाला डाव्या हातानं मांडी दाबून धरावी लागायची, की पाय कुलूप लावल्यासारखा उभा राहायचा. मामंजींना ते लोकांना दिसायला नको होतं. पाहुणे बघायला येतील, मुलीत खोट दिसता कामा नये. मग आईंनी जाड कापडाची पिशवी शिवून दिली. ती खांद्याला अडकवून मांडीवर सोडायची, हात पिशवीत, आणि पिशवीतून मांडी दाबायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई पिशवी सांभाळत चालली आहे. पाहुणे आले, पाहून गेले, लग्न काही जमलं नाही. पिशवी मात्र कायमची राहिली. तिच्यात कधी काही नसायचं. मी लग्नानंतर कितीतरी दिवस समजत होते की तुम्ही त्यात पानाचा डबा ठेवता.

आणि दुसरी ती तुमच्या घराण्याची खोड. कुणी पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, त्याचं वारं अजून अंगात. साहेब समोर आला की उभं राहायचं, उभ्यानंच नमस्कार करायचा, आणि त्यानं बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही. मामंजी म्हणायचे, माणूस कसाही असो, खुर्चीला मान द्यायचा. वीजबिलवाला आला तरी तुमचं सगळं घर उभं. मी साताऱ्याची, आमच्याकडे कलेक्टर आला तरी बाजेवर बसूनच 'या' म्हणतील.

इंदुरात बड़ा गणपतीच्या देवळाजवळ होतो तोवर तुमचं निभत होतं. ती गल्लीच तुम्हाला धरून होती. आपल्या ओट्यावरून शेजारच्यांचा ओटा, मग विजेचा खांब, मग मिठाईवाल्याचं कठड्याचं दुकान, मग देवळाची भिंत. हात ठेवायला जागा नाही असं कुठे नव्हतंच. म्हातारपणी जिना नको म्हणून सगळ्यांच्या विचारानं राऊला आलो. इथं लिफ्ट आहे, रुंद रस्ते आहेत, झाडं लावलेली आहेत, आणि हात टेकायला काही म्हणता काही नाही. लिफ्टमधून खाली उतरायचात आणि फाटकाशी उभ्या राहायचात. समोर नाक्यावर पोह्याची गाडी, तिथे सगळ्या बायका जमायच्या, आणि मधे तो मोकळा डांबरी पट्टा. मी रिकामी असले तर नेऊन आणायचे. नसले की तुम्ही वर येऊन बाल्कनीत बसायचात.

म्हणून ती बॅटरीची तीनचाकी. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की सरकार देतं, हँडल फिरवलं की निघाली. तुमच्या डोळ्यांत काय आलं होतं तेव्हा! मी म्हटलं, मी आहे ना न्यायला, कशाला त्या भानगडीत पडता? तुम्ही म्हणालात, "सुनंदा, मला कोणाला 'चल ना' नाही म्हणायचं आता. जिंदगीभर म्हटलं." तीनचाकीसाठी अपंगत्वाचा जुना दाखला चालत नव्हता. नवं कार्ड हवं, आणि त्यासाठी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांसमोर नव्यानं तपासणी.

त्या दिवशी सकाळपासून आपलं वाजलं होतं. मी म्हणत होते, चाकाच्या खुर्चीत बसून आत जाऊ या, पिशवी घरी ठेवा, जे आहे ते दिसू द्या. तुम्ही खळ घातलेली साडी नेसून, केसांना तेल लावून तयार. "खुर्चीत बसून साहेबाच्या समोर जायचं? अच्छं नाही लागत ते. मी काय मेली आहे?" दवाखान्यात खुर्ची मिळाली, मी ढकलत आणली, तिच्यात तुम्ही पिशवीसुद्धा ठेवली नाहीत. नाव पुकारलं आणि तुम्ही निघालात. उजव्या हाताला भिंत, मग बाकं, मग कपाट, मग दाराची चौकट, मग डॉक्टरच्या टेबलाची कड. डावा हात पिशवीत. आयुष्यभर पाहुण्यांसमोर चाललात त्यापेक्षा छान चाललात वन्सं त्या दिवशी. आणि टेबलाशी पोचून ताठ उभ्या राहून नमस्कार केलात.

तो मोबाईलमध्ये बघत होता. तुम्हाला बसा म्हणाला नाही. तुम्ही उभ्याच. मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. मग मान वर करून म्हणाला, "अच्छी-भली तो चलके आई हैं। बढ़िया चलती हैं अम्मा।" मी म्हटलं, साहेब, पाय तर बघा, पिशवी बाजूला करा. तर माझ्यावर डाफरला, "आप चुप रहिए। सबको मुफ़्त की गाड़ी चाहिए।" साडी घोट्यापर्यंतसुद्धा वर करायला सांगितली नाही त्यानं. वर तुम्ही त्याला "धन्यवाद साहब" म्हणालात! त्या क्षणी मला तुम्हा दोघांनाही बदडावंसं वाटलं होतं.

घरी आल्यावर तुमचा गुडघा टम्म सुजला. मी गरम पाण्यानं शेकत होते आणि तुम्ही उशीत तोंड खुपसून पडला होतात. पुढे कित्येक दिवस कॉटवरून उतरला नाहीत, सगळं जागेवर. ते बघायला तो आला नव्हता. त्याचा निकाल आला त्यात लिहिलं होतं, 'बिना सहारे चलने में सक्षम'. टक्के इतके कमी धरले होते की तीनचाकीचं नाव काढायची सोय नव्हती. तुम्ही ते वाचून इतकंच म्हणालात, "बाबांना बरं वाटलं असतं." मला हसावं की रडावं कळेना.

मग मी सुरू झाले. त्याला काय काय व्हावं याचे मी रोज नवे बेत सांगायचे. त्याचं घर पाचव्या मजल्यावर असो आणि लिफ्ट जन्मभर बंद असो. त्याच्या प्रत्येक बुटात रोज सकाळी एकच खडा निघो, काढला तरी पुन्हा येवो. त्याला लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसायला लागो आणि उठताना कुणी हात देऊ नये. तुम्ही पोट धरून हसायचात आणि वर म्हणायचात, "पाप लागेल गं." फार संत असल्यासारखं करू नका. खालच्या मजल्यावरच्या बाईनं तुम्हाला लंगडी म्हटलं तेव्हा तिच्या मुलीच्या लग्नाचा ब्लाउज तुम्ही असा शिवलात, की तिला सबंध लग्नात हात वर करून एक फोटो काढता आला नाही. मापात चूक कुणाला सापडली नाही. तुमचा सूड असा असायचा, सुबक, आतून टीप घातलेला.

दाद मागायचं मी ठरवलं. तुम्ही आधी नको म्हणालात, मग एका सकाळी शिवणाचं मशीन बाजूला सारून म्हणालात, "चल. पण अर्ज मी सांगणार." मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईला गेलो. एक तरुण अधिकारी बाई समोर आली आणि तुम्ही उठलातच. मी खांदा दाबून धरला होता तरी उठलात. ती म्हणाली, "अम्मा, आप बैठिए." तुम्ही म्हणालात, "पहले आप बैठिए साहब." ती खरंच बसली आणि मग तुम्ही बसलात. अर्ज वाचताना ती आधी हसली, मग हसायची थांबली. अर्जात तुम्ही कुणाची चूक काढली नव्हती, काही मागितलंही नव्हतं. एवढंच लिहायला लावलं होतं की मला पुन्हा तपासावं, आणि या वेळी तपासणाऱ्या साहेबांनी खोलीपासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत स्वतः यावं आणि तिथून माझ्याबरोबर चालावं, रस्त्याच्या मधोमध, भिंतीपासून लांब. तिनं त्यावर शेरा मारला, अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे करावे. रिक्षात बसल्यावर मी तुम्हाला म्हटलं, वन्सं, हा तर ब्लाउज झाला. तुम्ही रिक्षाबाहेर बघत गालात हसत होतात.

तपासणार मात्र तोच डॉक्टर. आपल्याकडे चोराच्या हातीच जामदारखान्याच्या किल्ल्या असतात. तारीख काही येईना. वाट बघून बघून एका सकाळी तुम्ही एकट्याच खाली उतरलात. फाटकापर्यंत गेलात आणि तिथं थांबला नाहीत. पोह्याच्या गाडीवरच्या बायकांनी सांगितलं, "अच्छी आ रही थीं." अर्ध्या रस्त्यात पिशवी घसरली आणि हात टेकायला काही नव्हतं. मांडीचं हाड मोडलं, पडून राहून छाती भरली, आणि झालं.

भेटायला आलेले म्हणत होते, सुटली बिचारी. कशातून सुटली? तुम्हाला सुटायचं नव्हतं, तुम्हाला नाक्यावर जायचं होतं! लोक असंही म्हणाले की वय झालं होतं, निमित्त लागतं. असेल. मी काही न्यायाधीश नाही. पण त्यानं टेबलावरून उठून एकदा तुमचा पाय बघितला असता तर तुम्ही त्या रस्त्यावर हँडल फिरवत गेला असतात, हे मला माहीत आहे, आणि एवढं मला पुरे आहे. मी त्याला माफ करणार नाही. तुमच्या वाट्याची माफीसुद्धा मी देऊ देणार नाही.

तुमचे दिवस चालू असताना मोबाईलवर निरोप आला. पुन्हा तपासणी, आजची तारीख, अर्जदारानं स्वतः हजर राहावं. तुमच्या भावांनी वाचून मोबाईल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "कळवून टाक, ताई नाही म्हणून." मी म्हटलं, कळवते.

आज सकाळी तुमची पिशवी खांद्याला लावून मी गेले. बाकावर तुमच्यासारखेच कितीतरी लोक होते, त्यांचा खोळंबा नको म्हणून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. शेवटी शिपायानं पुकारलं, "शालिनीबाई!" मी आत गेले. तो जेवायला उठण्याच्या बेतात होता. मी नमस्कार केला नाही.

"पेशंट कहाँ हैं?"

"गेट से चलके आएँगी, साहब. आपको वहीं से साथ चलना है. कागज़ पे लिखा है."

त्यानं कागद वाचला, शेरा वाचला, सही कुणाची ते बघितलं. तोंड कडू झालं. पण उठला. वन्सं, तो उठला! मी त्याला ओसरीच्या मधोमध चालवलं. तो भराभर पुढे जायला लागला की मी म्हणायचे, "धीरे, साहब, वो धीरे चलती हैं." कपाट गेलं, बाकं संपली, भिंत गेली. बाहेरच्या पायऱ्या उतरताना त्यानं कठड्याला हात लावला. मी म्हटलं, "साहब, बिना सहारे." त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असावं त्यानं मला. निदान पिशवी तरी ओळखली असावी. तिच्याकडे तो पहिल्यांदाच नीट बघत होता.

आवारातून फाटकापर्यंत सगळं ऊन. मी मुद्दाम सावलीतून नेलं नाही. फाटकाशी पोचल्यावर कपाळावर हात धरून तो इकडेतिकडे बघायला लागला. मानेवर घाम आला होता, अगदी तुमच्या आला होता तिथेच.

"कहाँ हैं?"

"आ रही हैं," मी म्हटलं. "आपने ही तो कहा है, बढ़िया चलती हैं. रुकिए आप."

आणि रिक्षा थांबवून आत बसले. मागे वळून बघितलं तेव्हा तो रस्त्याकडे तोंड करून उभाच होता.

बरं वाटलं का विचाराल. वाटलं. खोटं कशाला सांगू? राऊपर्यंत सबंध रस्ता मला बरं वाटत होतं. कधी एकदा घरी जाते आणि तुम्हाला सांगते असं झालं होतं. लिफ्टमधून वर आले, दार उघडलं, "वन्सं, ऐका" म्हणत चपला न काढताच तुमच्या खोलीत शिरले. कॉटवर गादी गुंडाळून ठेवलेली. तिथंच खाली बसले मग. रडले म्हणा की. पिशवी मांडीवर होती, तिच्यात हात घातला, आत नेहमीसारखं काहीच नव्हतं.

तुम्ही रागवाल. म्हणाल, सुनंदा, खुर्चीला मान द्यायचा. तुमच्या घरात साहेब आला की सगळे उभे राहतात, मला ठाऊक आहे. इतकी वर्षं तुम्ही त्या दुखऱ्या पायावर सगळ्यांसाठी उभ्या राहिलात. त्यानं बसा म्हटलं नाही म्हणून त्याच्यासाठीसुद्धा राहिलात. आज मी रिक्षात बसले होते आणि साहेब तुमच्यासाठी उन्हात उभा होता. एव्हाना तो जेवायला गेला असेल, नाही असं नाही. माझ्या हिशेबी तो अजून तिथेच उभा आहे.

राहू दे उभा. घाई करू नका, वन्सं. सावकाश या.